ती रडली होती

मला माहेरी आणून सोडलं ते गाडीतून नव्हे, चालवत. खालापूरच्या अंगाला माझं सासर. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या गावातल्या सगळ्यांनीच काही माझं वाईट केलं नव्हतं. तिथून कडावपर्यंत चुलतसासरा पुढे आणि मी मागे, असे पहाटे निघालो ते उन्हं कलताना आमच्या ओट्यावर पोचलो. बाळंत होऊन मला अजून महिना झाला नव्हता. वय सोळा असेल, कदाचित सतरा; आमच्यात ते कुणी लिहून ठेवत नसे. वाटेत त्यानं मला एकदाच बसू दिलं, कर्जतला नदीच्या काठी, तेही त्याला स्वतःला तंबाखू मळायची होती म्हणून. ओट्यावर माझं गाठोडं ठेवून तो माझ्या बाला म्हणाला, "हिला बाहेरचं लागलंय. उतरवून घ्या, मंग बघू." पाणीसुद्धा न घेता तो वळला. आणि बानं त्याला एक प्रश्न विचारला नाही. काय झालं, कधीपासून, पोरीला एवढं चालवत का आणलीत, काही नाही. त्यानं गाठोडं उचलून आत ठेवलं. चुलतसासऱ्याचा मला राग आला नाही, तो सांगितलेलं काम करत होता. बाचा आला. तो राग साठ वर्षं झाली तरी जसाच्या तसा आहे, आणि तो जावा म्हणून मी काही केलेलंही नाही.

काय झालं होतं ते आधीच सांगून टाकते. मला मुलगी झाली होती. सासरच्या माजघरात, सासू आणि गावातली सुईण यांच्या हातून. मी अर्धवट शुद्धीत होते, पण मुलगी रडली ते मी ऐकलं. तीन-चारदा रडली, बारीक आणि लख्ख. मग कुणीतरी तिला उचलून मागच्या पडवीत नेलं, दार लोटून घेतलं, आणि काही वेळानं रडणं थांबलं. सासू आत येऊन म्हणाली, मेलेलीच झाली. मी म्हटलं, ती रडली. सासू म्हणाली, तुला भास झाला. त्या घरात माझ्या आधी थोरल्या जावेला तीन मुलीच होत्या, एवढं सांगितलं की पुरे. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी तोंड उघडलं तेव्हा भास झाला हेच ऐकलं, आणि पंधरा-वीस दिवसांत माझ्या अंगात काहीतरी शिरलंय असं त्या घरानं ठरवून टाकलं.

मला काहीतरी होत होतं हे मात्र खोटं नव्हतं. कुठे बारीक आवाज झाला, करडू ओरडलं, गाडीचा आख करकरला, शेजारचं पोर रडलं, की छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. श्वास गळ्यापर्यंत यायचा आणि तिथून खाली उतरायचा नाही. बोटांना मुंग्या येऊन हात लाकडासारखे व्हायचे. समोरची माणसं लांब लांब जायची आणि मी कडावच्या ओट्यावर नसायचेच, मी त्या माजघरात असायचे. मग मी उठून मागच्या दाराकडे धावायचे. कुणाच्याही घरात असले तरी मागच्या दाराकडेच. माझी चोळी दुधानं भिजलेली असायची, आणि ते बघून बायका पदर तोंडाला लावून बाजूला व्हायच्या.

आमचं घर तसं खाऊनपिऊन सुखी होतं. दोन म्हशी होत्या, भाताची कापणी होऊन गेलेली, आणि त्याच शेतातल्या ओलीवर वाल पेरलेला. दिवसभर घरात आवाजच आवाज. सकाळी ताक घुसळण्याचा, मग उखळात भात कांडण्याचा, दुपारी गोठ्यातल्या साखळ्यांचा. आय पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि तिच्या हातांचा तो पटपट आवाज ऐकत मी पडून राहायचे. आय मला खाण्यापिण्यात काही कमी करत नव्हती. सोललेल्या वालाचं बिरडं, त्यावर ओलं खोबरं, भाजलेला सुका बोंबील, भाताची मऊ पेज, ताटात सगळं असायचं. माझं दूध आटावं म्हणून तिनंच माझी छाती जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं आवळून बांधली, आणि बांधताना तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. पण मी म्हटलं, "आय, ती रडली व्हती," की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. तसलं बोललं की ते जास्त चिकटतं, म्हणायची. मी मेले असते तरी चाललं असतं, मी बोलायला नको होतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, ती घाबरली होती. पण घाबरलेल्या माणसानं दुसऱ्याचं तोंड दाबलं तर दाबलेल्याला कळतो तो फक्त दाब.

बानं भगत आणला. तो डोंगराच्या अंगाकडून यायचा, आणि पहिल्या दोन खेपांना त्यानं लिंबं कापली, अंगारा लावला, कोंबडं घेतलं आणि गेला. त्यानं काही झालं नाही. तिसऱ्या खेपेला भर दुपारी अंगणात शेगडी मांडून तीत सुक्या मिरच्या टाकल्या. माझ्या डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि शेगडीवर माझी मान दाबली. बानं माझे हात मागून धरले होते. भगत निरगुडीच्या फोकानं पाठीवर मारत होता आणि दर फटक्याला विचारत होता, "कोण हाईस तू? नाव सांग. कुठली हाईस?" मी खोकत, ओकत ओरडत होते, "मी ठकू, मी ठकू." ते त्याला नको होतं. त्याला माझ्या तोंडून दुसऱ्या कुणाचंतरी नाव हवं होतं, विहिरीत पडलेल्या एखाद्या बाईचं, वडाखालच्या कुणाचं. अर्धा गाव अंगणाबाहेर उभा राहून कान देऊन ऐकत होता. माझ्या तोंडून कुणीही मेलेली बाई बोलली असती तर ते सगळे हात जोडून बसले असते, तिला साडीचोळी दिली असती, काय हवं नको विचारलं असतं. फक्त मी बोललेलं कुणाला ऐकायचं नव्हतं.

मी लाथ मारली. बाला मारली की शेगडीला हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. शेगडी उलटली, निखारे अंगणभर झाले, आणि मी अनवाणी त्यांच्यावरून मागच्या दाराकडे धावले. डाव्या पायाचा सगळा तळवा भाजला. भगत म्हणाला, गेलं, पायातून बाहेर पडलं. तो कोंबडं आणि नारळ घेऊन गेला आणि मी पंधरा दिवस पाय टेकू शकले नाही.

त्या भाजलेल्या पायामुळे रघूमामा आमच्या घरात आला. तो काही माझा सख्खा मामा नव्हे, सगळा गावच त्याला मामा म्हणायचा. जर्मनीच्या दुसऱ्या लढाईत तो पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला होता, बंदूक घेऊन नव्हे, तर तिथल्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारा म्हणून. लढाई संपल्यावर परत आला आणि आपली शेती बघू लागला, पण कुणाला विळा लागला, कुणाला म्हशीनं ढकललं, तर गरम पाणी, कापूस आणि लाल औषध घेऊन तो जायचा. ठेंगणा, काळा, एका कानानं कमी ऐकणारा माणूस. माझा पाय मांडीवर घेऊन तो पट्टी सोडवत होता तेव्हा शेजारी पोर रडू लागलं. माझा श्वास वर चढला. आय भिंतीशी सरकली. मामानं पाय सोडला नाही, आवाजही चढवला नाही.

"ठकू, माज्याकडं बघू नको," तो म्हणाला. "हात भुईला लाव. काय लागतंय हाताला?"

"भुई."

"ती मला बी दिसते. कशी हाय?"

"गार."

"आजून सांग."

"खरबरीत. सारवणात काड्या हायेत."

"किती हायेत? मोज."

मी मोजल्या. हाताला लागणाऱ्या सात काड्या होत्या. मग त्यानं विचारलं, नाकाला कसला वास येतोय. मी म्हटलं, औषधाचा आणि म्हशीचा. कानाला काय ऐकू येतं? पोर रडतंय. कुणाचं पोर? शेजारच्यांचं. नाव काय त्याचं? मी नाव सांगितलं. श्वास सोडताना तो मोठ्यानं आकडे म्हणत होता, घेताना चार, सोडताना सात, आणि मला त्याच्याबरोबर सोडायला लावत होता. पोर रडतच होतं, पण ते आता शेजारच्या घरात रडत होतं, माझ्या माजघरात नव्हतं. मी धावले नाही. धावता येत नव्हतं हेही खरं.

नंतर त्यानं बाला आणि आयला बसवून सांगितलं की असं झालेली माणसं त्यानं बसऱ्याला खाटांवर रांगेनं पाहिली आहेत. मिशा पिळणारे, छातीवर बिल्ले लावलेले गडी, पत्र्यावर काही पडलं की खाटेखाली जाऊन मुतायचे. तिथला एक म्हातारा गोरा डॉक्टर त्यांना खाटेचं लोखंड धरायला लावायचा, आज वार कोणता, समोर काय दिसतं, हे विचारायचा, आणि रोज थोडा वेळ प्रत्येकाजवळ बसून जे झालं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचा. दुभाषा नसला की ड्रेसरला मध्ये बसवायचा, त्यातून मामा शिकला. दुसरा एक डॉक्टर होता तो विजेचे चटके द्यायचा. "त्यो तुमच्या भगताचाच भाऊ," मामा म्हणाला. बाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, ते शिपाई, त्यांनी तोफा पाहिल्या, हिनं काय पाहिलंय? मामानं पट्टी गुंडाळणं थांबवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सासरच्या त्या घरात मी काय पाहिलं हे मला विचारावं असं वाटलेला तो पहिला माणूस.

माझ्या चुलतभावाची सून मुंबईत असल्याच कामात आहे. मनानं घायाळ झालेल्यांशी बोलायचं काम. मागच्या उन्हाळ्यात ती मला सांगत होती की पाच वस्तू बघायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, आणि असंच बरंच. मी म्हटलं, अगं, हे मला ठाऊक आहे. ती हसली, तिला वाटलं म्हातारीची गंमत. मला तिचा राग नाही. पण तिच्या खोलीला दार आहे, बसायला खुर्ची आहे, आणि येणाऱ्या बाईला तिथे यायची परवानगी आहे. मला ती नव्हती.

पाय बरा होईपर्यंत मामा यायचा. नंतर बानं त्याला येऊ नको म्हणून सांगितलं, गावात बोलतात म्हणाला. मग मी जाऊ लागले. मामाच्या ओट्यावर मामी, गावातली बाळंतपणं करणारी, भिजवलेले वाल सोलत बसायची, मी तिच्याशेजारी बसून सोलायचे, आणि मामा खांबाला टेकून दोरी वळायचा. तो मला सांगायचा, बोल, पण थोडं बोल. जिथे धरवत नाही तिथे थांब, भुईला हात लाव, आणि मग परत जा. पहिल्या दिवशी मी फक्त माजघराचा रंग सांगू शकले. दुसऱ्या दिवशी सुईणीच्या हातातल्या बांगड्यांपर्यंत पोचले. दाराशी आले की वाल हातातून सांडायचे.

हे सगळं सरळ चढत गेलं असं मात्र नाही. एके दिवशी मी नदीवर धुणं धूत असताना पलीकडच्या काठाला करडू अडकलं आणि ओरडू लागलं. मी पाण्यात पाय रोवले, दगड मोजले, आकडे म्हटले, काही उपयोग झाला नाही. बायकांनी मला ओढून काढलं तेव्हा मी कंबरभर पाण्यात होते. ओली तशीच मी मामाच्या ओट्यावर गेले आणि त्याच्यावर ओरडले. दगड मोजून माझी मुलगी परत येणार आहे का, काड्या मोजून त्या बाईनं दार लोटलं ते उघडणार आहे का, तुम्ही सगळे मला गप्प बसवायलाच बसला आहात, तो भगत मिरच्या जाळून बसवत होता, तू मोजायला लावून बसवतोस. आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मामी उठून उभी राहिली होती. मामानं तिला हातानं खाली बसवलं.

"राग हाय ना, तो ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी तुजी भीती काढतोय. राग नाय काढत. तो तुला लागंल."

मग मी तिथेच, ओल्या लुगड्यात, सगळं सांगितलं. न थांबता. ती रडली, तीन-चारदा रडली, तिला पडवीत नेलं, दार लोटलं. मामीनं सोलणं थांबवलं नाही, फक्त मध्ये एकदा विचारलं, "मंग?" आणि मी पुढचं सांगितलं. संपलं तेव्हा मी तिथेच होते. ओटा होता, वालाची सालं होती, माझे दात थंडीनं वाजत होते. भास झाला असं कुणीही म्हणालं नाही.

ते आयच्या कानावर गेलं. घरची गोष्ट दुसऱ्याच्या ओट्यावर सांगितली म्हणून बा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलत नव्हताच फारसा, त्यामुळे मला चौथ्या दिवशी कळलं.

शिमगा झाल्यावर सासू आली. बरोबर माझा नवरा. मी बरी झाले, घरात बसत नाही, पाणी भरते, धुणं धुते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. नवरा विशीतला, शेलाटा, ओट्याच्या कडेला बूड टेकून बसला आणि टोपी काढून हातात फिरवत राहिला. सासू अगदी गोड बोलत होती. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाली, पोरीच्या नशिबात नव्हतं, पुन्हा होईल, मुलगा होईल. बा मान हलवत होता. त्यानं आत बघून आयला सांगितलं, "हिचं गाठोडं बांध." मला विचारलं नाही.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. श्वास वर येऊ लागला, बोटं बधिर होऊ लागली. मी चौकटीवरून हात फिरवला. लाकूड. त्यात एक गाठ, गाठीच्या बाजूला चीर. पायाखाली भुई, गार. डाव्या तळव्याची भाजलेली कातडी गार भुईला अजून ताणायची, तीही ताणली. मी श्वास सोडला, सातापर्यंत. आणि राग होता तिथेच होता, सबंध, एक कणसुद्धा कमी नाही. फक्त आता तो माझा गळा धरत नव्हता.

मी म्हटलं, "आत्याबाई, ती रडली व्हती."

सासूनं बाकडे पाहिलं. "बगा, आजून उतरलं नाय."

"ती रडली व्हती. तुमी तिला पडवीत नेलं आन् दार लोटलं. मी येत नाय."

बा उठला. त्यानं मला मारलं असतं, त्याचा हात वर गेला होता. तेव्हा माझा नवरा बोलला. मान वर न करता, टोपीकडे बघत.

"मी बी ऐकली व्हती," तो म्हणाला. "मी अंगणात व्हतो."

सासूनं आपल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतंच. मग उठली, पदर सावरला आणि चालू लागली. तो तिच्यामागे गेला. अंगणाच्या टोकाशी त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मी वेडी नव्हते, ते त्याच्या त्या चार शब्दांनी सगळ्यांसमोर ठरलं, आणि त्याच चार शब्दांनी मला हेही कळलं की तो अंगणात होता, त्यानं ऐकलं, आणि तिथेच उभा राहिला. मला भास झाला म्हणत होते तेव्हा तो त्या घरात जेवत होता. आभार आणि तळतळाट एकाच क्षणी कसे येतात हे ज्याला माहीत नाही त्याला मी समजावू शकत नाही. पुढे आमची काडीमोड झाली, त्यानं दुसरं लग्न केलं, तो लवकर गेला असंही ऐकलं. मी गेले नाही, ना लग्नाला, ना दहाव्याला. मी मामाबरोबर जखमा बांधायला शिकले आणि मामीबरोबर बाळंतपणं करायला. चाळीसेक वर्षं केली. मूल झालं की आधी आईच्या छातीवर, मग बाकीचं, आणि दाराशी मी स्वतः बसायचे. त्यावरून किती सासवांशी भांडले याचा हिशेब नाही.

त्या दिवशी ते दोघे गेल्यावर बा गोठ्यात गेला. तो माझ्याशी त्याबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आणि मीही त्याला सोपं केलं नाही. आय आत माझं गाठोडं अर्धवट बांधून बसली होती. तिनं गाठ सोडली, लुगडी एकेक करून पुन्हा वलणीवर टाकली. मग माझ्यासमोर भुईवर येऊन बसली. माझ्या पायाकडे बघत होती.

"कसा व्हता गं आवाज तिचा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बारीक व्हता. पण जोर व्हता त्यात."

आयनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "माजी नात व्हती ती."